एका तव्याची आळी

"वझं केवढं ते इचारू नगा, कुणाच्या डोस्क्यावर हाय ते इचारा."

राहीबाईचं हे वाक्य आमच्या गावानं इतक्या वेळा ऐकलंय, की शाळेतली पोरंही दप्तर जड झालं की तेच म्हणतात. कुणी सांगितलं की अमक्यानं नवी गाडी घेतली, हप्ता लय हाय, तर ती हेच म्हणायची. डिझेल महागलं तरी हेच. एकदा तलाठ्यानं तिला विचारलं, "आजी, वय किती?" तेव्हाही तिनं हेच सुनावलं आणि तलाठी बिचारा अंदाजानं पासष्ट लिहून गेला.

हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. उसाच्या फडातून वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, मोळी डोक्यावर घेऊन बाई बांधाबांधानं येते, तेव्हा ती समोरून दिसत नाही. हिरव्या पात्यांचा एक डोंगर चालत येताना दिसतो आणि त्याखाली दोन काळी पावलं. राहीबाईनं अशा मोळ्या वाहिल्या, तेव्हा तिच्या पाठीमागून येणारी माणसं मोळीचीच तारीफ करायची. "काय मोळी बांधलीय गड्या!" मोळीखालच्या बाईला कुणी काही म्हणायचं नाही.

औंध आणि कडेगावच्या मधे, डोंगर दमून सपाटीला टेकतो तिथं आमचं गाव आहे. वरच्या अंगाला माळ, खालच्या अंगाला कॅनॉल. कॅनॉल आला तशी खालची रानं उसानं हिरवीगार झाली, वरची होती तशीच राहिली. राहीबाईची भावकी माळाची. चार पिढ्यांच्या वाटण्यांत त्यांची जमीन इतकी बारीक झाली, की बांधच रानापेक्षा रुंद वाटावेत. त्यांची अकरा घरं गावाच्या वरच्या टोकाला एका ओळीत आहेत. तिला माळआळी म्हणतात. आळीतले गडी गवंडीकामाला जातात, टेम्पो चालवतात, कारखान्यावर हंगामी लागतात. बायका दुसऱ्याच्या उसात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जातात.

राहीबाईचा नवरा सांगलीच्या हळदपेठेत हमाल होता. पोती वाहतावाहताच गेला. मागं तीन पोरं. ती तिनं मोठी केली, त्यांची लग्नं केली, आणि सुना आल्यावर एका घराची तीन घरं झाली. भांडण असं काही मोठं नव्हतं. खोल्याच लहान होत्या. दोन बायका एका चुलीपुढं बसल्या की तिसरीला उभं राहायला जागा नसायची. मग मधे एक भिंत उभी राहिली, दुसरी राहिली, तीन दारं झाली, तीन चुली झाल्या. राहीबाई पाळीपाळीनं एकेका सुनेकडं जेवायची आणि कुणाच्या आमटीला नावं ठेवायची नाही.

आता गावाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रितीवरच घडलं.

आमच्याकडं यमाईची जत्रा चैत्रात असते. तिची पट्टी, म्हणजे वर्गणी, चुलीवर बसते. चूल मोजायची पद्धतही जुनी आहे. होळी पेटते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळवडीला, प्रत्येक घरातली बाई खापरी घेऊन होळीपाशी येते आणि इस्तू, म्हणजे निखारा, घेऊन जाते. त्या निखाऱ्यावर त्या दिवशीची चूल पेटते. घराघरात गॅस आला तरी ही चाल मोडलेली नाही. होळीपाशी गावचा हलगीवाला धुळा उभा असतो. एका इस्तवाला हलगीची एक थाप. जेवढ्या थापा तेवढ्या चुली, आणि जेवढ्या चुली तेवढ्या पट्ट्या. पट्टी दिलेल्या चुलीपुढं देवीची पालखी एकदा टेकते.

गावातली सगळ्यात मोठी चूल लालासाहेबांची. कॅनॉलकाठची साठ एकर उसाची जमीन, चार भाऊ, त्यांची पोरं, सुना, नातवंडं. पण घर एकत्र. त्यामुळं त्यांच्या घरातून एकच बाई एकच खापरी घेऊन यायची, आणि पट्टी एक. राहीबाईच्या तीन. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. पट्टी थोडी होती तोवर कुणाला टोचलं नाही. पोळी वाढताना कमीजास्त झाली तर पंगतीत कोण बोलतं?

यंदा मात्र देवळाचं शिखर बांधायचं ठरलं. दर चुलीला पाच हजार.

राहीबाईच्या घरावर पंधरा हजार बसले. आणि त्याच वेळी तिची नात ओवी, थोरल्याची पोरगी, इस्लामपूरला नर्सिंगला होती. दुसऱ्या सहामाहीची फी भरायची राहिली होती. ती भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं. तीन घरांनी मिळून ते पैसे साठवत आणले होते. थोरल्यानं विड्या सोडल्या होत्या, राहीबाईनं गुडघ्याचं औषध. गाठोडं एकच होतं. ते शिखराला गेलं तर ओवी घरी येणार, आणि अशी घरी आलेली पोर पुन्हा जात नाही, हे माळआळीनं दोनदा पाहिलं होतं.

पट्टी ठरवायची बैठक देवळात भरली. लालासाहेब पुढं बसलेले. त्यांचा पुतण्या दिग्विजय शेजारी. दिग्विजय सांगलीत कर सल्लागार आहे, लोकांचे आयकराचे, जीएसटीचे कागद बघतो. पोरगा स्वभावानं बरा, हसतमुख. पट्टीचा आकडा ठरला, माना डोलल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं राहीबाई उठली.

"लालासायेब, चूल म्हंजे काय धरायची?"

बायकांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "आक्का, जलमभर भाकरी थापली आनि आता इचारतीस व्हय?"

लालासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांना असल्या गोष्टी सांगायला आवडायचं. "राहीबाई, बापजाद्यांनी ठरिवलंय. एका तव्यावरची भाकरी जेवढी माणसं खात्यात, त्येवढ्यांची एक चूल. आता आमच्यात बगा. अट्ठावीस माणसं, पर तवा एक. आमी वाटण्या केल्या न्हाईत, म्हणून ही बरकत हाय."

"आनि आमच्यात तीन."

"तुमची पोरं येगळी निगाली, त्याला गाव काय करणार?"

दिग्विजय समजुतीनं म्हणाला, "मावशी, सगळ्यांना सारखाच दर आहे. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

"सारखाच हाय व्हय," राहीबाई म्हणाली आणि खाली बसली. लोकांना वाटलं, तिचं समाधान झालं.

त्या संध्याकाळी तिनं तिन्ही सुनांना अंगणात बोलावलं. थोरली, मधली आणि धाकटी सोनिया. थोरली आणि सोनिया एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण एक कढई. सोनियानं बारशाला थोरलीची पितळी कढई नेली होती आणि परत दिली तेव्हा तिला पोचा होता. सोनियाचं म्हणणं, पोचा आधीचाच. या पोच्यावर तीन-चार वर्षं गेली होती.

राहीबाई म्हणाली, "धुळवडीपासनं चूल एक करायची."

"कुणाकुणाची?" सोनियानं विचारलं.

"तिघींची."

"म्हंजे मी त्यांच्या हातची भाकरी खायाची?"

थोरली मधलीकडं बघून बोलली, "मधले, तिला सांग, माज्या हातची भाकरी खायाला आदी माजी कढई सरळ करून आण म्हणावं."

"मला कशाला मधी घालताय?" मधली म्हणाली. "मी काय टपाल हाय?"

राहीबाईनं आवाज चढवला नाही. "कढईचं मी बगते. ओवीचं कोण बगणार, ते सांगा."

सोनियानं पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. ओवीनं तिच्या बाळंतपणात तिचं लेकरू रात्रंदिवस सांभाळलं होतं. ती म्हणाली, "भाकरी मी थापणार. त्यांच्या भाकरीला कडा कच्च्या राहत्यात."

"थाप बाई," थोरली पहिल्यांदाच थेट तिच्याकडं बघून म्हणाली. "पर मीठ मी घालणार. तुज्या हाताला मिठाचं माप न्हाई."

भिंतीपलीकडून शेजारच्या मनुबाईचा आवाज आला. ती मघापासून ऐकत होती, आणि ऐकतेय हे लपवायचीही तिला गरज वाटत नसे. "आवं राहीआक्का, तुमच्या तव्याला आजून योक कोपरा हाय का?"

मनुबाईच्या घरात दोन चुली होत्या, तिची आणि लेकाची. तिच्या पलीकडच्यांची तीच कथा. चार दिवसांत अख्खी माळआळी राहीबाईच्या अंगणात बसली. गड्यांना ही गंमत वाटत होती. "होळीला फकस्त एक खापरी न्यायची, मग आपापल्या घरी गॅस हायच की," एकजण म्हणाला.

राहीबाईनं त्याला तिथंच थांबवलं. "न्हाई. इस्तू एक न्हेला, तर भाकरी बी एकाच तव्यावरची. जत्रंपातूर समद्यांनी एकत्र जेवायचं. देवीम्होरं खोटं चालायचं न्हाई. ज्याला जमत न्हाई त्यानं आपली खापरी न्यावी."

कुणीच उठलं नाही.

धुळवडीची सकाळ. होळीची राख अजून कोमट होती, मधे निखारे लाल. एकेक बाई पुढं येत होती, धुळा विचारत होता, "कुणाची चूल?" बाई नाव सांगत होती, आणि हलगीवर थाप पडत होती. लालासाहेबांकडची सून आली, एक खापरी घेऊन गेली, एक थाप. मग राहीबाई आली. एकटीच. हातात मोठं घमेलं.

"कुणाची चूल?"

"माळआळीची."

"आवं आक्का, आळीची न्हवं. कुणाची?"

"माळआळीचीच म्हणलं की रं. अकरा घरं, योक चूल."

धुळाची टिपरी हलगीवर वरच्या वर थांबली. त्यानं लालासाहेबांकडं पाहिलं. लालासाहेब होळीच्या पलीकडं पांढऱ्या कपड्यांत उभे होते. मग टिपरी खाली आली. एकच थाप. धुळा नंतर सगळ्यांना सांगत फिरला, "म्या काय मारली न्हाई गड्या, हात आपसूक पडला."

थाप पडली आणि मग लालासाहेब बोलले. "राहीबाई, हे बरं न्हवं. देवीच्या पट्टीत चलाखी करताय?"

"आवं, चलाखी कसली? तुमीच सांगितलं, एका तव्याची माणसं ती एक चूल. आमी आजपासनं एका तव्यावर हाय. सांजच्याला या बगायला."

दिग्विजय पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर रंग लागलेला होता, त्यामुळं तो रागावलाय की नाही ते नीट कळत नव्हतं. "मावशी, ह्याला करचुकवेगिरी म्हणतात."

"आसं व्हय? तुमी सांगलीला हाफिसात बसून मोठ्या लोकांस्नी ह्योच मार्ग दावता, आसं आयकलंय. तवा तुमी त्याला काय म्हणता?"

दिग्विजयच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नियोजन."

"मग ह्ये बी आमचं नियोजनच धरा," राहीबाई म्हणाली आणि घमेलं कमरेवर घेऊन चढणीला लागली. मागं धुळवडीच्या पोरांनी एवढी आरोळी ठोकली, की देवळावरची कबुतरं उडाली. दिग्विजयही हसला. लालासाहेब मात्र हसले नाहीत. ते घरी गेले आणि त्या दिवशी त्यांनी अंगाला रंग लावून घेतला नाही.

माळआळीच्या मधोमध एक कडुनिंब आहे. त्याखाली तीन मोठे दगड मांडून चूल केली. पहिल्या दिवशी आमटी करपली, दुसऱ्या दिवशी भात कच्चा राहिला. पन्नास-साठ माणसांची भाकरी एका तव्यावर थापायची म्हणजे सोनियाचे हात खांद्यापासून दुखायला लागले, तेव्हा न सांगता थोरली शेजारी परात घेऊन बसली. "कडा मी भाजते," एवढंच म्हणाली. बोलणं वाढलं तसं भांडणंही वाढली, पण ती न बोलण्यापेक्षा बरी होती. मनुबाईला तिखट लागायचं, तिच्या नातवाला चालायचं नाही. गडी कामावरून वेगवेगळ्या वेळी यायचे आणि प्रत्येकाला गरम हवं असायचं. राहीबाई चुलीपुढं लाकडं सारत बसायची. ज्या घरात डाळ संपली त्याचं नाव कुणी काढायचं नाही, दुसऱ्या घरातून डाळ यायची. आणि असं जेवता जेवता बायकांच्या लक्षात आलं, की गॅसची टाकी अजून हलवली तर जड लागते.

एका संध्याकाळी दिग्विजय खरंच बघायला आला. जत्रा समितीनं त्याला पाठवलं होतं. त्यानं दारातून डोकावून पाहिलं, घरांतल्या शेगड्या थंड होत्या. मग तो निघणार, तर मधलीनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. "इथं आलेला मानूस उपाशी जात न्हाई. बसा." तो बसला. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. दोन भाकरी खाल्ल्यावर त्याची जीभ मोकळी झाली.

"मावशी, खरं सांगू का?" तो म्हणाला. "सरकारी कागदावर आमचं घर एक नाहीच. रान सहा नावांवर आहे, बंगला काकूंच्या नावावर. त्याशिवाय एकत्र कुटुंब म्हणून आणखी एक वेगळं खातं. ज्या कागदाला जसं लागेल तसं. हे सगळं कायद्यात बसतं बरं का."

"म्हंजे सरकारम्होरं येगळं आनि देवीम्होरं एक."

"तसंच म्हणा."

"आनि उसाच्या पैशाला किती कर बसतो?"

"शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही."

राहीबाईनं न्हाणीजवळच्या साबणाकडं बोट केलं. कागद अजून निम्मा त्यालाच होता. "आनि त्या वडीला?"

दिग्विजयनं कागद उलटून पाहिला. "किंमत सर्व करांसह, असं छापलंय. तुम्हाला जेवढा, तेवढाच आम्हाला."

"तेच म्हणते मी. लालासायेब काय माज्यापरास ज्यादा मळत न्हाईत. उलट मीच दिसभर मातीत आसते. मला साबण ज्यादा लागतो." तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "म्हंजे कर मीच ज्यादा भरते की."

दिग्विजयनं ताटातली भाकरी संपवली. पाणी प्याला आणि ताट स्वतः विसळायला गेला, तेव्हा सोनियानं ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. "र्‍हाऊ द्या, घरी इसळता काय कधी?"

समितीला त्यानं एवढंच सांगितलं, की चूल एकच आहे, मी स्वतः जेवून आलोय.

पण आकडा आता पुरा पडत नव्हता. माळआळीच्या पट्ट्या गेल्या, आणि बाकीच्या आळ्यांतही कुजबुज सुरू झाली, की आपणही एकत्र बसायला हवं होतं. शिखराचे कारागीर इसार घेऊन बसलेले. पुन्हा बैठक बोलावली. या वेळी देऊळ भरून बाहेर माणसं उभी होती.

एकजण सुरुवातीलाच फटकन बोलला, "माळआळीला देवी फुकट पायजे, दुसरं काय!"

राहीबाई उठली. तिनं अकरा घरांतून गोळा झालेली पट्टी, एका चुलीची, पुरी, लालासाहेबांपुढं ठेवली. "रितीपरमाणं एका चुलीची पट्टी हाय. कारागिरांच्या हाताखाली आमचे चार गडी शिखर पुरं हुईपातूर फुकट राबतील. ते रितीत न्हाई, ते आमच्याकडनं. फुकट आमी कायबी मागत न्हाई. पर जेचं जेवढं शेत, तेचा तेवढा भार, हे बी गावानं एकदा बोलावं."

सगळ्यांच्या माना लालासाहेबांकडं. ते खाली बघत होते. दिग्विजय हळू आवाजात म्हणाला, "काका, कारखान्याच्या बिलातून टनाला काहीतरी कापून घेता येईल. तशा कपाती होतातच की. ज्याचा ऊस जास्त त्याची कपात जास्त. ऊसच नाही त्याला चुलीची निम्मी पट्टी."

"तू माज्या बाजूचा का त्यांच्या?" लालासाहेबांनी विचारलं.

"मी हिशेबाच्या बाजूचा."

लालासाहेबांचं तोंड लाल झालं. ते वाईट माणूस नव्हते. कॅनॉलचं पाणी फुटलं तेव्हा रात्रभर चिखलात उभं राहिलेला माणूस. गरिबाच्या लग्नाला न मागता गहू पाठवणारा. पण दान देणं वेगळं आणि वाटा म्हणून देणं वेगळं. दान देताना देणाऱ्याचा हात वर असतो. वाट्याला तसं नसतं. तो हात खाली आणायला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, ते रडून थांबलं.

"देवीचं शिखर आडायचं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "टनाला धा रुपय. आनि पयलं बिल आमचं कापायचं. लिवा."

"लालासायेबांचा मान मोठा हाय," राहीबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मागून कुणीतरी म्हणालंच, "आता मान बी टनावर मोजायचा काय गड्या?" आणि लोक हसले, लालासाहेब हसले नाहीत.

जत्रा झाली. पालखी माळआळीत आली आणि कडुनिंबाखाली एकदाच टेकली, कारण चूल एक. दरवर्षी प्रत्येक दारात टेकायची. मनुबाईला हे फार लागलं. तिनं सासूच्या वेळेपासून आपल्याच उंबऱ्यात ओटी भरली होती. या वेळी तिला सोळा-सतरा बायकांच्या घोळक्यात उभं राहून भरावी लागली. "ह्ये मला कळलं न्हवतं," ती डोळे पुसत म्हणाली. राहीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही ते कळलं नव्हतं.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी चूल मोडली. कुणी ठरवलं नव्हतं. सोनियानं आमटीत आधीच मीठ टाकलं, थोरलीनं ते न कळून पुन्हा टाकलं, आणि त्यावरून जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं आपापला गॅस पेटवला. तीन दगड मात्र कडुनिंबाखाली तसेच राहिले, त्यांवर आता म्हातारी माणसं बसतात.

ओवीची फी भरली गेली. थोरला स्वतः इस्लामपूरला जाऊन भरून आला. परीक्षेचं प्रवेशपत्र आल्यावर ओवीनं त्याचा फोटो पाठवला, आणि राहीबाईनं तो मधलीच्या फोनवर बराच वेळ बघितला. त्यातलं अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण चेहरा वाचता येत होता.

एक गोष्ट मात्र झाली. लालासाहेबांच्या रानात भांगलण सुरू झाली, बायकांची टोळी जमली, पण राहीबाईला निरोप आला नाही. मनुबाईला आला, मधलीला आला. लालासाहेबांनीच तसं सांगितलं होतं, का टोळीच्या मुकादमिणीनं आपल्या मनानं केलं, तेही गावात कुणाला माहीत नाही. राहीबाईनं विचारलंही नाही. माणसाला आपल्या केल्याची किंमत द्यावी लागते, एवढं तिला ठाऊक होतं. ती कशाची आणि किती, हे तिनं आधीच धरलं असावं.

कडेगावच्या अंगाला, कॅनॉलच्या पलीकडं, एका दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याकडं तिला काम मिळालं. जायला तासभर, यायला तासभर. गुडघा दुखायचा. मधली म्हणाली, "आत्ती, आता नगा जाऊ. ओवीचं झालं की." राहीबाई म्हणाली, "पुढची सहामाही कोण भरणार?"

वैशाखातली सकाळ होती. ऊन अजून पिवळं होतं, डोंगराची सावली माळावरून उतरायला लागली होती. देवळावर बांबूंची परांची उभी राहिली होती आणि कारागिरांनी पहिला थर रचायला घेतला होता. लालासाहेब तिथं उभे होते, त्यांच्या टनाचे पैसे सगळ्यांत आधी जमा झाले होते आणि ते रोज सकाळी काम बघायला येत होते. माळआळीतले चार गडी विटा देत होते.

राहीबाई देवळासमोरून निघाली. खांद्यावर खुरपं, हातात भाकरीचं फडकं. तिनं देवीला उभ्यानंच हात जोडले. लालासाहेबांकडं पाहून मान लववली, त्यांनीही मान हलवली. एवढंच. ती कॅनॉलच्या रस्त्याला लागली. डावा पाय जरा ओढत होती, पण चाल तीच, डोक्यावर ओझं असल्यासारखी सरळ.

कारागीर वरून लालासाहेबांना काहीतरी विचारत होता, कोनाडा पूर्वेला ठेवायचा की कसं. त्यानं दोनदा विचारलं. लालासाहेबांचं लक्ष नव्हतं. ते कॅनॉलच्या वळणाकडं बघत उभे होते, आणि ती बाई उसाच्या आड गेली तरी तिकडंच बघत राहिले.